खालसा झालेला खोका

सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं. ही तारीख मी चौतीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. सातारच्याच शाळेत इतिहास शिकवायचा म्हटल्यावर ती टाळता येण्यासारखी नव्हती. राजाला मूल नाही, दत्तक मंजूर नाही, सबब राज्य खालसा. मुलं विचारायची, "सर, राज्य आपलं आणि मंजुरी त्यांची कशी?" या प्रश्नाचं उत्तर मी पाठ्यपुस्तकातल्या शब्दांत देत असे. पण त्याचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी, ९ नोव्हेंबर २०२२ रोजी कळला. त्या दिवशी आमच्या हॉलमधला एक खोका खालसा झाला. खोका आमचा, वीज आमची, इंटरनेटचं बिल आम्ही भरत होतो आणि टीव्हीही आमचाच. तरीही तो बंद पडला, कारण अमेरिकेतल्या एका कंपनीने आपले सर्व्हर त्या दिवशी कायमचे बंद केले.

वाचकहो, त्या खोक्याचं नाव स्लिंगबॉक्स. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलाही नसेल. आपल्या घरचा टीव्ही जगाच्या पाठीवर कुठूनही इंटरनेटवरून पाहायचा, एवढंच त्याचं काम. सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये तो बसायचा. सेट टॉप बॉक्समधून आलेलं चित्र आणि आवाज टीव्हीला जायचंच, शिवाय त्याची एक प्रत हा खोका बारीक करून इंटरनेटवर सोडायचा. परगावी असलेल्या घरधन्याच्या संगणकावर तेच चित्र काही सेकंदांनी उमटायचं. इथवर ठीक. पण त्याची खरी गंमत एका वायरीत होती. खोक्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला बारीकसा दिवा असे, त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो सेट टॉप बॉक्सच्या तोंडासमोर चिकटवायचा. परगावच्या माणसाने संगणकावर दिसणाऱ्या रिमोटचं बटण दाबलं की तो दिवा लुकलुकायचा आणि सेट टॉप बॉक्सला वाटायचं, समोर बसून कुणीतरी रिमोट दाबला. चॅनेल बदलायचं. थोडक्यात, डोळा दूर गेला आणि त्याच्यामागून हातही गेला.

याची जन्मकथा सॅन फ्रान्सिस्कोकडची आहे. तिथे ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे दोघे भाऊ राहत आणि दोघांनाही बेसबॉलचं वेड. २००२ साली त्यांचा लाडका जायंट्स संघ भलताच रंगात होता. तो थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला आणि सातव्या सामन्यात हरला. या भावांना कामानिमित्त सतत फिरावं लागे, आणि जायंट्सचे बहुतेक सामने त्यांच्या भागातल्या वाहिनीवरच दिसत. परगावच्या हॉटेलात टीव्ही असे, पण त्यावर आपला संघ नसे. घरी केबलचे पैसे भरलेले, सामना तिकडे घरात चालू आणि आपण इकडे कोरडे! या वैतागातून त्यांनी भूपेन शाह यांना बरोबर घेऊन २००४ साली स्लिंग मीडिया ही कंपनी काढली. पुढे तिचं बरंचसं काम आपल्या बंगळुरात होऊ लागलं. पहिला स्लिंगबॉक्स २००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दुकानांत आला. किंमत अडीचशे डॉलर, दिसायला चांदीच्या विटेसारखा. नंतर महिन्याची वर्गणी वगैरे काही नाही. एकदा विकत घेतला की झालं.

(सोनी कंपनीने असंच एक यंत्र २००४ सालीच आणलं होतं, त्याचं नाव लोकेशनफ्री. पण बोलबाला स्लिंगबॉक्सचाच झाला. इतिहासात हे नेहमीचंच आहे.)

आमच्याकडे तो आला २००८ सालच्या एप्रिलात. मी आदल्या वर्षी निवृत्त झालो होतो. चिरंजीव न्यू जर्सीत, त्याला जाऊन तेव्हा आठ वर्षं झालेली. अमेरिकेत मिळणारा खोका तिकडच्या एनटीएससी पद्धतीचा असेल तर आपल्या पाल पद्धतीशी जमणार नाही, असं त्याने कुठेसं वाचलं. म्हणून लंडनच्या माझ्या पुतण्याला सांगून युरोपात विकला जाणारा स्लिंगबॉक्स सोलो मागवला. पुतण्या सुटीवर आला तेव्हा घेऊन आला. भूमितीत शिकवतात त्या समलंब चौकोनाच्या आकाराचा तो काळपट खोका पाहून आमची ही म्हणाली, "एवढ्याशा डब्यातून तो आपलं घर बघणार?" घर नाही, फक्त टीव्ही, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं. पुढे कळलं की तिचंच म्हणणं जास्त बरोबर होतं.

जोडणी करायला इंटरनेटवाला मुलगा दोन दिवस येत होता. राउटरमध्ये ५००१ नंबरचा दरवाजा उघडा ठेवावा लागतो म्हणे. चिरंजीव तिकडून फोनवर सांगणार, हा इकडे टाइप करणार आणि मी मधे दुभाषा. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला चिरंजीवांचा फोनवर ओरडल्यासारखा आवाज आला, "दिसलं! बाबा, बातम्या लागल्यात ना? निळा शर्ट?" बातम्या लागल्या होत्या. निवेदकाचा शर्ट निळा होता. पण त्याला चेहरा दिसत नव्हता, कारण आमच्या इंटरनेटचा वेग तेवढा नव्हताच.

हे जरा सांगायला हवं. सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. तोही घरात येणाऱ्या माहितीचा वेग. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा त्याहून कमी असला तरी कुणाचं काही अडत नसे, कारण सामान्य माणूस इंटरनेटवरून घेतो जास्त आणि देतो कमी. स्लिंगबॉक्सचा सगळा कारभार उलटा. त्याला घरातून बाहेर पाठवायचं असतं. त्यामुळे सातारच्या अरुंद बोळातून टीव्हीचं चित्र निघून न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर पोचायचं ते अगदी अंग चोरून. खोक्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. वाट अरुंद झाली की तो थांबून राहत नसे, चित्र आणखी पुसट करून पाठवी. चिरंजीव म्हणायचा, चेंडू दिसत नाही, पण फलंदाजाने मान वर केली की समजायचं, उंच मारलाय. पुढे आम्ही मोठा प्लॅन घेतला, तेव्हा चेंडू दिसू लागला. भारनियमनाचं दुखणं होतंच. वीज गेली की आमचा टीव्ही बंद आणि तिकडे त्याचाही बंद. सातारची वीज गेल्याचं न्यू जर्सीत त्याच क्षणी कळावं, ही माझ्या विद्यार्थिदशेतल्या कल्पनेपलीकडची गोष्ट होती. शेवटी टीव्हीचा कोपरा इन्व्हर्टरवर घेतला.

आता मुद्द्याची गोष्ट. क्रिकोरियन बंधूंनी हे यंत्र घडवताना जो माणूस डोळ्यांसमोर ठेवला, तो स्वतःच प्रवासाला गेलेला होता आणि त्याचं घर मागे रिकामं होतं. रिकाम्या घरातल्या टीव्हीवर कुणी कोणतंही चॅनेल लावलं तरी कुणाचं काय बिघडतं? आमचं घर रिकामं नव्हतं. घरात आम्ही दोघं होतो आणि समोरचा टीव्ही एकच. सेट टॉप बॉक्सही एकच. तो एका वेळी एकच चॅनेल देणार. म्हणजे न्यू जर्सीतून चॅनेल बदललं की सातारच्या हॉलमधलंही बदलणार!

पहिल्याच महिन्यात त्याचा प्रत्यय आला. त्याच एप्रिलात आयपीएल सुरू झालं होतं. आपल्याकडे रात्री आठला सामना, तिकडे सकाळचे साडेदहा. शनिवार असला की चिरंजीव चहाचा कप घेऊन तयार. इकडे ही स्वयंपाकघर आवरून साडेआठच्या मालिकेसाठी येऊन बसलेली. मालिकेतली सासू काहीतरी निर्वाणीचं बोलायला तोंड उघडते, तोच पडद्यावर बेंगळुरूचं मैदान. ही रिमोट उचलून मालिका परत लावायची. दहा सेकंदांनी पुन्हा मैदान. माझ्या आईच्या काळी असा टीव्ही आपोआप बदलला असता तर दारात लिंबू-मिरची टांगली असती. "अरे, मी बघतेय!" असं ही टीव्हीकडे पाहून म्हणायची. पण या खोक्यातून चित्र आणि आवाज फक्त एकाच दिशेने जात. आमच्या हॉलमधलं काहीही त्याला दिसत वा ऐकू येत नसे. त्याला वाटे, खोका बिघडलाय. तो पुन्हा पुन्हा बटण दाबायचा. शेवटी मी फोन लावायचा आणि दोन खंडांमध्ये तह घडवून आणायचा.

हिने मग स्वतःच उपाय शोधला. साडेआठला पाच मिनिटं कमी असताना ती सेट टॉप बॉक्ससमोरचा तो चिकटवलेला दिवा हलकेच उपटून बाजूला ठेवायची. मालिका संपली की पुन्हा जागच्या जागी. चिरंजीव फोन करायचा, "आई, रिमोट लागत नाहीये." "हो का? बघते हं उद्या." हे मला माहीत होतं, पण मी फितूर झालो नाही. त्याला खरा प्रकार कळला तो दोन वर्षांनी, इथे सुटीवर आला तेव्हा.

"वेगळा सेट टॉप बॉक्स घेऊ या, खोका त्याला जोडू, म्हणजे तुमचं तुम्हाला, माझं मला," असं त्याने सुचवलं होतं. महिन्याला दोन-अडीचशे रुपयांचा प्रश्न होता. मी तयार होतो. हिने साफ नकार दिला. म्हणाली, "चॅनेल हललं की कळतं तरी, तो उठलाय म्हणून." यावर मी काही बोललो नाही. सकाळी कोण कधी उठलं हे एका घरात राहणाऱ्यांनाच कळतं, आणि हिला ते आठ वर्षांनी पुन्हा कळू लागलं होतं. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ. टीव्हीवरच्या बातम्या आपसूक सरकल्या की ही भाजी निवडता निवडता म्हणायची, "उठला."

या खोक्याच्या कायद्याची बाजूही मला रंजक वाटते. थोडं विषयांतर होईल, पण इतिहासाच्या मास्तराला तेवढी सवलत द्या. अमेरिकेत व्हिडिओ रेकॉर्डर आले तेव्हा चित्रपट कंपन्यांनी सोनीवर दावा लावला होता. बीटामॅक्स खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की घरी आलेला कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी टेप करून ठेवणं हा गुन्हा नाही. म्हणजे पाहण्याची वेळ बदलता येते. स्लिंगवाल्यांचं म्हणणं त्याच वळणाचं होतं: वेळ बदलता येते, तर जागा का नाही? घर माझं, वर्गणी माझी, पाहणारा मी. म्हणूनच खोक्यावर दुरून एका वेळी एकच माणूस पाहू शकेल अशी व्यवस्था त्यांनी मुद्दाम ठेवली होती. दोघांनी पाहायचं म्हटलं तर एकाला उतरावं लागे. बेसबॉलवाले आणि काही वाहिन्या कुरकुरल्या, कारण अमुक सामना अमुक भागातच दाखवायचा या हिशेबावर त्यांचे करार बेतलेले. मोबाइल कंपन्यांना वेगळीच धास्ती. २००९ साली आयफोनवर स्लिंगचं ॲप आलं ते फक्त वायफायवर चालेल या अटीवर. थ्रीजीवरची बंदी २०१० च्या सुरुवातीला उठली.

जपानमध्ये मात्र याच प्रश्नाला वेगळं वळण लागलं. तिथे मानेकी टीव्ही नावाची एक सेवा होती. परदेशी राहणारे जपानी लोक सोनीचं लोकेशनफ्री यंत्र विकत घेऊन त्या सेवेकडे ठेवायला द्यायचे. ते लोक आपल्या जागेत ती यंत्रं मांडून अँटेना आणि इंटरनेट जोडून देत. यंत्र ज्याचं त्याचं, एका यंत्रावर पाहणाराही एकच. तरीही जानेवारी २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला. अँटेना जोडून यंत्रात कार्यक्रम भरतो कोण? ती सेवा. मग प्रक्षेपण करणारीही तीच. म्हणजे तोच खोका आईबापांच्या घरी असला तर कुणी विचारत नाही, आणि पैसे घेऊन सांभाळणाऱ्याकडे ठेवला की बेकायदा. परदेशी गेलेल्या ज्या मुलाच्या गावी कुणी उरलेलं नाही, त्याचीच यात पंचाईत झाली. तो निकाल मी वाचला तेव्हा मनात आलं, आपण दोघं आहोत म्हणून आपल्या मुलाचा खोका कायद्यात बसतो.

आणि नेमक्या त्याच महिन्यात आमच्या घरात ते घडलं. जानेवारी २०११. हिवाळ्यात आपल्यात आणि न्यू जर्सीत साडेदहा तासांचं अंतर. आपल्याकडे पहाटेचे अडीच म्हणजे तिकडे दुपारचे चार. भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. चिरंजीव दुपारचं काम उरकलं की ऑफिसात फोनवर स्लिंगचं ॲप उघडून सामन्याचं पुनःप्रक्षेपण लावून ठेवायचा. आमचा टीव्ही रात्री बंद असे, पण सेट टॉप बॉक्स चालूच राही, त्यामुळे आमच्या झोपेला काही धक्का नव्हता. एके दिवशी त्याने सामना लावला आणि पाचेक मिनिटांत चॅनेल बदललं. संध्याकाळच्या मालिकेचा भाग पुन्हा दाखवत होते, तो लागला. त्याला वाटलं बिघाड. सामना लावला, पुन्हा मालिका. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की घरात कुणीतरी जागं आहे.

त्याने त्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सामना न लावता नुसतं पाहत राहिला. अडीच वाजता मालिका. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने फोन केला तो मला, मोबाइलवर, मी सकाळी फिरायला गेलो असताना.

"बाबा, रात्री अडीच वाजता टीव्ही कोण बघतं?"

"कुणी नाही. आम्ही साडेदहाला झोपतो."

"तुम्ही झोपता. आई झोपत नाही."

मी म्हटलं, छे, काहीतरी भलतंच. आवाज आला असता तर मला जाग आली असती. तो म्हणाला, मला तर आवाज येतोय. मग उलगडा झाला. मी उठू नये म्हणून ही टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बसायची. पण टीव्हीचा आवाज बंद केला तरी सेट टॉप बॉक्समधून निघणारा बंद होत नाही, आणि खोका तो तिथूनच उचलतो. आतल्या खोलीत, भिंतीपलीकडे मला काही ऐकू येत नव्हतं. न्यू जर्सीत सगळं ऐकू जात होतं.

घरी आल्यावर तिला विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाली, "पोटात दुखतं रात्रीचं. पडून राहवत नाही. बसलं की बरं वाटतं." किती दिवस? "दिवाळीपासून." दर रविवारी मुलाचा फोन यायचा, तो विचारायचा, "आई, कशी आहेस?" आणि ही म्हणायची, "बरी आहे." मीही कधीतरी विचारत असेन. मलाही तेच उत्तर मिळायचं.

साधनांची चिकित्सा कशी करावी यावर मी शिक्षकांच्या शिबिरांत व्याख्यानं दिली आहेत. बखरीवर विसंबू नका, कागद पाहा, असं सांगत आलो. आणि माझ्याच घरात अडीच महिने मी बखरीवर विसंबून होतो.

आधी सातारला दाखवलं, मग पुण्याला. अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, मधे चांगली दीड वर्षं गेली. त्यात आम्ही तिकडे जाऊनही आलो. तिथे त्याच्या घरी बसून हिने स्लिंगवर आपला रिकामा हॉल जोडलेला टीव्ही पाहिला. मालिका लावली आणि म्हणाली, "आता दिवा कुणी उपटणार नाही." क्रिकोरियन बंधूंनी योजला होता तसा त्या खोक्याचा वापर आमच्याकडून झाला तो तेवढाच. ऑगस्ट २०१४ मध्ये ही गेली. आणखी दोन महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. चिरंजीवाने विचारलं असावं. त्याने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दरम्यान खोक्याचं भाग्य उतरणीला लागलं होतं. कंपनी २००७ मध्येच उपग्रह टीव्हीच्या धंद्यातल्या इकोस्टारने ३८ कोटी डॉलरना विकत घेतली होती. २०१५ च्या सुरुवातीला त्याच घराण्यातल्या डिश कंपनीने स्लिंग टीव्ही नावाची सेवा काढली. नाव तेच, पण खोका नाही, घर नाही, घरचा टीव्ही नाही. महिन्याला वीस डॉलर भरा आणि वाहिन्या थेट इंटरनेटवरून घ्या. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. एकदा खोका विकला की पुढे त्या गिऱ्हाइकाकडून काही मिळत नाही, आणि सर्व्हर मात्र वर्षानुवर्षं चालवत बसावं लागतं. आपल्या मराठी वाहिन्याही हळूहळू ॲपवर आल्या. ज्यासाठी माझ्या मुलाने लंडनहून यंत्र आणवलं, ते त्याला फोनवर दोन बोटांनी मिळू लागलं, आणि चेंडू आमच्या टीव्हीपेक्षा स्वच्छ दिसू लागला. ब्लेक क्रिकोरियन २०१६ साली वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी वारले.

तरीही आमचा खोका चालू होता, त्याचं कारण निराळं. ही गेल्यानंतर मी टीव्ही लावेनासा झालो. हॉलमध्ये बसणंच कमी झालं. मग एक दिवस सकाळी सातच्या सुमाराला मी चहा करत असताना सेट टॉप बॉक्सचा दिवा हिरवा झालेला दिसला. जवळ जाऊन टीव्ही लावला, तर हिचं मालिकांचं चॅनेल. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असणार. मी रिमोट घेतला आणि सह्याद्री वाहिनी लावली. काही सेकंद गेले. ते चॅनेल तसंच राहिलं, आणि थोड्या वेळाने सेट टॉप बॉक्स आपोआप बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजता दिवा हिरवा. त्याने पुकारायचं आणि मी सह्याद्री लावून "हजर" म्हणायचं. शाळेत चौतीस वर्षं हजेरी घेतली, आता माझी कुणीतरी घेत होतं. यावर आम्ही दोघं फोनवर एक अक्षरही बोललो नाही. एकदा कोरेगावला लग्नाला गेलो होतो, सांगायचं राहिलं, तर साडेसातला शेजारच्यांचा फोन आला, "सर, बरे आहात ना?" हे असं आठ वर्षं चाललं.

नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की नवे खोके मिळणार नाहीत, आणि बरोबर दोन वर्षांनी सर्व्हर बंद होतील. बंद झाले की खोके निकामी. मला हे पटेना. चित्र सातारहून थेट मुलाकडे जातं, मधे कंपनीचं काय काम? चिरंजीवाने समजावलं. चित्र थेट जातं, पण जाण्याआधी कोणता खोका कुणाचा, तो कोणत्या पत्त्यावर आहे, ही ओळख पटवून देणारा कारकून कंपनीच्या सर्व्हरवर बसलेला आहे. तो उठून गेला की खोका तिथेच, मुलगा तिथेच, पण एकमेकांना ओळख लागणार नाही. राज्य आपलं, मंजुरी त्यांची. कुणा हौशी माणसाने सर्व्हरवाचून खोका चालवणारा प्रोग्रॅम लिहून लोकांना फुकट दिला, तो काही मॉडेलांवर चालतोही. पण त्यासाठी घरात एक संगणक अखंड चालू ठेवावा लागतो. मी नको म्हटलं.

९ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी सातला दिवा हिरवा झाला. मी सह्याद्री लावली. नेहमीप्रमाणे लगेच बंद झाला नाही. बराच वेळ सह्याद्री चालू राहिली. मग हिचं चॅनेल लागलं. मी ते बदललं नाही. दहाच्या पुढे कधीतरी मी आंघोळीला गेलो, तेव्हा बंद झालं असावं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सातच्या आधी हॉलमध्ये येऊन बसलो होतो.

आता तो रोज सकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावतो. माझा चेहरा त्याला दिसतो, त्याचा मला दिसतो, मागे नात शाळेचं दप्तर भरताना दिसते. "बाबा, कसे आहात?" तो विचारतो. "बरा आहे," मी म्हणतो. तो जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहतो. सेट टॉप बॉक्स मधे एकदा बदलला, पण समोर चिकटवलेला तो बारीक दिवा मी नव्यावरही तसाच लावून घेतला आहे. तंत्रज्ञ म्हणाला, "काका, ही वायर कशालाच जोडलेली नाही." मी म्हटलं, राहू दे.